सोळा आण्यांचा रुपया

१ एप्रिल १९५७, सोमवार. त्या दिवशी पोस्टाच्या खिडकीवर नवी तिकिटे आली. त्यांवर भारताचा नकाशा होता आणि किंमत आण्यांऐवजी नव्या पैशांत छापलेली होती. त्यांतले एक तिकीट तेरा नव्या पैशांचे होते. पाच, दहा, पंचवीस, पन्नास हे आकडे समजण्यासारखे आहेत; तेराचे तिकीट कुणी कशाला छापावे? कारण इतके दिवस पाकिटाला दोन आणे पडत होते. रुपयाचे आणे सोळा आणि नवे पैसे शंभर, म्हणजे दोन आण्यांचे होतात साडेबारा. अर्ध्या नव्या पैशाचे नाणे सरकारने पाडलेले नव्हते. पोस्टाने अर्धा वर चढवला आणि तेराचे तिकीट काढले.

बाजारासाठी सरकारने जो तक्ता काढला होता त्याचा नियम वेगळा. अर्धा किंवा अर्ध्याहून कमी उरले तर सोडून द्यायचे, अर्ध्यापेक्षा जास्त उरले तर पुरा पैसा धरायचा. या नियमाने एक आणा म्हणजे सहा नवे पैसे, दोन आणे बारा, तीन आणे एकोणीस, चार आणे पंचवीस. म्हणजे पोस्टात दोन आण्यांचे तेरा आणि वाण्याकडे दोन आण्यांचे बारा! एकेक चवली, म्हणजे दोन आण्यांचे नाणे, सुटी मोजली तर आठ चवल्यांचे ९६ नवे पैसे होतात, आणि त्याच आठ चवल्या एका मुठीत पुढे केल्या तर पुरा रुपया होतो. दुकानदाराने एका आण्याच्या वस्तूचे सहा नवे पैसे घेतले तर चार वस्तूंमागे त्याचा एक पैसा बुडतो. सात घेतले तर चार वस्तूंमागे गिऱ्हाइकाचे तीन पैसे जातात. नाणी लहान होती, पण ज्यांचा दिवसाचा सगळा व्यवहारच आण्या-दोन आण्यांत चाले, त्यांच्यासाठी हा फरक लहान नव्हता.

या सगळ्या ओढाताणीचे मूळ एकाच गोष्टीत आहे. १०० ला १६ ने भागले की सव्वासहा येतात. सोळा आणि शंभर एकमेकांच्या मापात बसत नाहीत. चारापाशी ते भेटतात, म्हणून चार आण्यांचे नेमके पंचवीस आणि आठ आण्यांचे नेमके पन्नास होतात. पावली आणि अधेली तेवढी सुखरूप पलीकडे गेली. चवली, आणा, ढब्बू, भोकाचा पैसा, पै ही सगळी मंडळी मध्येच अडकली.

हा सोळा आला कुठून? इंग्रजांनी आणला असा अनेकांचा समज असतो. कंपनी सरकारने १८३५ साली कायदा करून आपल्या मुलखात एकच रुपया चालू केला, १८० ग्रेन वजनाचा आणि सोळा आण्यांचा, हे खरे. पण कंपनीने तो आकडा इथल्या बाजारातूनच उचलला. आणा हे नाव कित्येक पिढ्या फक्त हिशेबात होते. खुद्द एक आण्याचे निकेल-मिश्रित नाणे १९०७ साली निघाले. त्याआधी आणा हा रुपयाचा सोळावा भाग म्हणून वहीत राही, हातात येत नसे.

आणखी मागे जाऊ. भास्कराचार्यांनी इ.स. ११५० च्या सुमारास ‘लीलावती’ लिहिली. ज्यांच्या नातवाच्या मठाचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण्याला आहे, तेच हे भास्कराचार्य. त्यांच्या या ग्रंथाची सुरुवातच कोष्टकांनी होते आणि पहिले कोष्टक नाण्यांचे आहे: वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म, सोळा द्रम्मांचा एक निष्क. दोनदा सोळा. दहा अंकांनी कितीही मोठी संख्या कशी लिहायची हे ज्या देशाने जगाला शिकवले, त्याच देशाचा सर्वांत नावाजलेला अंकगणिताचा ग्रंथ पैसे मात्र सोळांनी मोजतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही सुवर्ण किंवा कर्ष हे वजन सोळा माषांचे आहे.

आणि सर्वांत जुना पुरावा कागदावर नाही, दगडात आहे. मोहेंजोदडो, हडप्पा, लोथल इथे चर्ट नावाच्या कठीण दगडाचे घासून गुळगुळीत केलेले चौकोनी ठोकळे सापडले. ती वजने आहेत. सर्वांत लहान वजन एक धरले तर पुढची वजने २, ४, ८, १६, ३२, ६४ अशी दुपटीने जातात. त्यांत सर्वांत जास्त संख्येने सापडणारे वजन सोळाचे आहे, साधारण पावणेचौदा ग्रॅमचे. चौसष्टच्या पुढे मात्र तीच माणसे १६०, २००, ३२०, ६४० अशी दहाच्या पटीत शिरतात. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या बाजारात दुप्पट आणि दहापट एकाच तराजूपाशी नांदत होत्या.

सोळाच का, याचे उत्तर मला पुस्तकापेक्षा हाताच्या हालचालीत दिसते. एक तराजू घ्या. वजने नाहीत असे समजा. समोर ज्वारीची एक रास आहे. दोन्ही पारड्यांत थोडी थोडी ओतत राहा, काटा सरळ झाला की थांबा. राशीचे दोन सारखे भाग झाले. एक भाग बाजूला काढा आणि उरलेल्याचे पुन्हा तसेच दोन करा. असे चार वेळा केले की हातात राशीचा बरोबर सोळावा भाग येतो. ना मोजणी लागली, ना लेखन, ना शाळा. पाचवा भाग काढून दाखवा बरे असा! दहावा भाग तर दूरच. अर्धे करणे हे कुणालाही, कुठेही, विश्वासाने करता येते, कारण दोन भाग सारखे झाले की नाही हे देणाऱ्या-घेणाऱ्या दोघांनाही डोळ्यांनी दिसते. भांडण मिटवणारे गणित आहे हे.

आपली धान्याची मापे याच चार घड्यांवर उभी होती. दोन नेळव्यांचे एक कोळवे, दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर. नेळवे म्हणजे शेराचा सोळावा हिस्सा. वजनाच्या शेरातही सोळा छटाक. उत्तरेकडे कापडाचा गज सोळा गिरहांचा. जमिनीतही तेच. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद चौकोन; त्याचे सोळा आणे. लांबी चार ठिकाणी आणि रुंदी चार ठिकाणी विभागली की सव्वाआठ फुटांच्या बाजूचे सोळा चौरस पडतात. त्यातला एक चौरस म्हणजे एक आणा जमीन. जुन्या कागदांत एकर, गुंठे आणि आणे अशी क्षेत्राची नोंद दिसते ती यामुळे.

या चार-चारच्या चौरसात सोळाचे एक वेगळेपण दडलेले आहे. बाजू चार असली की परीघ सोळा आणि क्षेत्रफळही सोळा. पूर्ण संख्येची बाजू असलेल्या दुसऱ्या कुठल्याही चौरसात हे दोन आकडे जुळत नाहीत. दुसरे वेगळेपण याहून देखणे आहे. दोनाचा चौथा घात सोळा आणि चाराचा दुसरा घातही सोळा. २ आणि ४ यांनी आपापल्या जागा बदलल्या तरी उत्तर तेच राहते. धन पूर्णांकांत दोन वेगवेगळ्या संख्यांना हे कुठेच जमत नाही, फक्त याच जोडीला जमते. शेर चार वेळा अर्धा केला काय आणि दोन वेळा पाव केला काय, आपण एकाच ठिकाणी पोहोचतो. बाजारातल्या माणसाने हा सिद्धांत मांडला नसेल, पण तो त्यावर रोज चालत होता.

सोळाला एक उणीवही आहे. त्याला तीनने भाग जात नाही. तीन भावांत रुपया वाटायचा तर प्रत्येकी पाच आणे आणि वर एक आणा उरतो. त्या उरलेल्या आण्यासाठी पै होती. आण्याच्या बारा पया, रुपयाच्या १९२. उरलेल्या आण्याच्या चार-चार पया वाटल्या की वाटणी पुरी. १९२ ला निःशेष भाग देणाऱ्या संख्या चौदा आहेत, १०० ला फक्त नऊ. दोन, तीन, चार, सहा, आठ, बारा, सोळा, चोवीस, कितीही जण वाटणीला बसले तरी जुना रुपया फुटत असे. शंभराचा रुपया तिघांत फुटत नाही, सहांत नाही, आठांतही नाही. ‘पै न् पै चुकती केली’ असे आपण म्हणतो, त्यामागे हे आहे. पैपर्यंत गेले की बहुतेक वाटणीत काहीच शिल्लक उरत नसे.

आता जमाखर्चाच्या वहीकडे येतो, कारण सोळाचे खरे सौंदर्य तिथे आहे. लाल कापडात बांधलेली लांबट चोपडी, बोरूने ओढलेली मोडी अक्षरे आणि उजवीकडे रकमा. रुपयांचा आकडा नेहमीचा. त्याच्या पुढे मात्र अंक नाहीत, रेघा आहेत. उभी रेघ म्हणजे पाव रुपया, चार आणे. आडवी रेघ म्हणजे एक आणा. तीन रुपये पंधरा आणे लिहायचे तर तीनचा आकडा, मग तीन उभ्या रेघा आणि तीन आडव्या रेघा: ३॥।≡ असे. तीन उभ्यांचे बारा, तीन आडव्यांचे तीन, झाले पंधरा. नऊ आणे म्हणजे दोन उभ्या आणि एक आडवी. कुठल्याही रकमेला उभ्या तीनपेक्षा जास्त लागत नाहीत आणि आडव्याही तीनपेक्षा जास्त लागत नाहीत. चौथी आडवी काढायची वेळ आली की तिची एक उभी होते. चार उभ्या झाल्या की रुपयाचा आकडा एकाने वाढतो.

म्हणजे हे चाराच्या पायावरचे संख्यालेखन आहे. दशमानात एकक दहा झाले की दशकात जातात; इथे चार झाले की वरच्या घरात जातात. आणि साखळी खालीही तशीच चालू राहते, कारण आण्याचे पैसे चार. रुपया, पावली, आणा, पैसा: प्रत्येक पायरी चाराची. संगणकाच्या अभ्यासक्रमात आज विद्यार्थ्यांना दहाखेरीज दुसऱ्या पायावरची संख्यापद्धती म्हणून जे शिकवतात, ते गावातला दिवाणजी दिवेलागणीच्या वेळी बोरूने करत होता. याचा अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे आणि आपल्याला ती शाळेत कुणी सांगितली नाही.

पंतोजींच्या शाळेत मुले पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, औटकी म्हणत. औट म्हणजे साडेतीन. ही पाठांतरे आज आपल्याला निरर्थक घोकंपट्टी वाटतात, पण त्यांच्यामागे बाजार उभा होता. अडीचकीच घ्या. मण चाळीस शेरांचा आणि रुपया सोळा आण्यांचा. चाळीसला सोळाने भागले की अडीच. त्यातून हिशेबाची किल्ली निघते: जितके रुपये मण, तितके आणे अडीच शेर. तांदूळ बावीस रुपये मण असला तर अडीच शेराला बावीस आणे, झाले एक रुपया सहा आणे. दहा शेर हवे असतील तर चौपट करा, साडेपाच रुपये. दुसरी किल्ली याहून सोपी: जितके रुपये शेर, तितके आणे छटाक, कारण दोन्हीकडे सोळाच. ज्या माणसाने कधी पाटीवर भागाकार मांडला नाही, तो या दोन किल्ल्यांवर आयुष्यभर दुकान चालवू शकत होता.

सोळा हा नुसता नाण्यांचा आकडा नव्हता, पूर्णतेचा होता. चंद्राच्या कला सोळा, पूजेचे उपचार सोळा, संस्कार सोळा. म्हणून पूर्ण खरे ते ‘सोळा आणे खरे’. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला ही म्हण आपण हजारदा वापरतो; त्या दोन आकड्यांची बेरीज बरोबर एक रुपया होते, इकडे आपले लक्ष जात नाही. म्हण करणाऱ्याला ती बेरीज ठाऊक होती. खर्चाचा पुरा रुपया, त्यात कोंबडी पाव आणि मसाला पाऊण.

सरकारही पीक याच मापाने मोजत असे. शेत भरभरून पिकले तर पीक सोळा आणे. निम्मे आले तर आठ आणे. या अंदाजाला आणेवारी म्हणत आणि तिच्यावर शेतसारा वसूल होणार की तहकूब होणार हे ठरे. १९१७ साली मुंबई इलाख्यातल्या खेडा जिल्ह्यात अतिवृष्टीने पिके गेली. नियम असा होता की पीक चार आणे किंवा त्याहून कमी असेल तर त्या वर्षीची सारावसुली पूर्ण थांबवावी. शेतकरी म्हणत, पीक चार आण्यांच्या आत आहे. अधिकारी म्हणत, चारच्या वर आहे. अमृतलाल ठक्कर, म्हणजे पुढे ठक्करबाप्पा म्हणून ज्यांना देश ओळखू लागला, यांनी जाऊन पाहणी केली. शेतकऱ्यांचे म्हणणे त्यांना खरे दिसले. सरकार आपल्या आकड्यावर अडून राहिले. २२ मार्च १९१८ रोजी नडियादला गांधीजींनी सत्याग्रह सुरू केला, वल्लभभाई पटेल त्यांच्यासोबत होते. गुरे जप्त झाली, घरातली चीजवस्तू गेली, पण गावेच्या गावे सारा भरायला तयार होईनात. जूनमध्ये सरकारने माघार घेतली: ऐपत असेल त्याने भरावा, गरिबाकडून वसुली होणार नाही. एका संबंध जिल्ह्याचा लढा सोळातल्या चौथ्या आण्यावर लढला गेला. रुपयाचे पाव म्हणजे काय हे तिथल्या निरक्षर शेतकऱ्यालाही पुरते कळत होते, म्हणून सरकारी आकड्यातली लबाडी त्याला दिसली.

मग इतके सगळे असताना सोळा सोडले का? कारण आकडेमोड तराजूवरून कागदावर आली होती आणि कागद दहाचा होता. एक साधी बेरीज पाहा. सात रुपये तेरा आणे नऊ पै आणि पाच रुपये अकरा आणे आठ पै. आधी पया: नऊ आणि आठ सतरा, त्यातल्या बारांचा एक आणा, उरल्या पाच. मग आणे: तेरा आणि अकरा आणि हातचा एक, पंचवीस, त्यातल्या सोळांचा एक रुपया, उरले नऊ. मग रुपये: सात आणि पाच आणि एक, तेरा. उत्तर तेरा रुपये नऊ आणे पाच पै. एका बेरजेत बारा, सोळा आणि दहा असे तीन पाये. अशा दोनशे रकमांची उभी बेरीज कारकुनाला रोज करायची. शाळेत मुलांचे महिनेच्या महिने आणे-पैंच्या गुणाकार-भागाकारात जात. त्यात भर म्हणजे व्याज शेकड्याने चाले. ‘दरमहा दरशेकडा बारा आणे’ म्हणजे वर्षाला नऊ टक्के. शंभर आणि सोळा एकाच वाक्यात, आणि ऋणको बिचारा दोघांच्या मध्ये.

बदलाची चर्चा जुनीच होती. १८७१ साली वजनांचा एक कायदा झाला, त्यात शेर किलोग्रॅमएवढा धरला होता. तो कधी अमलात आलाच नाही. १९४६ साली मध्यवर्ती कायदेमंडळात दशमान नाण्यांचे विधेयक आले आणि बारगळले. स्वतंत्र भारताने ते काम पुरे केले. सप्टेंबर १९५५ मध्ये नाणे कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख, महाडजवळच्या नाते गावात जन्मलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. कायदा अमलात येईपर्यंत ते पदावर राहिले नाहीत. मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी १९५६ साली राजीनामा दिला आणि नवे पैसे बाजारात आले तेव्हा अर्थखाते टी. टी. कृष्णमाचारी यांच्याकडे होते. मुंबईच्या टाकसाळीतून ढिगांनी नवी नाणी निघाली: तांबूस, गोल, इवलासा एक नवा पैसा, कंगोऱ्यांचा दोन, चौकोनी पाच, पुन्हा कंगोऱ्यांचा दहा. कंगोरे आणि चौकोन आणे-चवलीतूनच आले होते. अक्षर न येणाऱ्याला बोटाने नाणे ओळखता यावे, एवढी काळजी घेणाऱ्याने घेतली होती.

माझे मत विचाराल तर बदल योग्यच होता. कोट्यवधी मुलांच्या डोक्यावरचे ओझे त्याने उतरवले, आणि पुढे १९६२ पर्यंत मीटर-किलोही सक्तीचे झाले तेव्हा भाव, वजन आणि पैसा एकाच पायावर आले. पण ज्या रीतीने आपण सोळाला निरोप दिला ती मला खटकते. जुने म्हणजे अडाणी, एवढेच आपण मुलांना सांगितले. त्यात किती विचार होता हे कुणी सांगितले नाही. पावकी-निमकी गेली तशी पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड ही अपूर्णांकांची सहज जाणही गेली. आज पाऊणच्या निम्मे किती हे विचारले तर पदवीधरही मोबाईल काढतो.

१ जून १९६४ रोजी ‘नया’ हा शब्द गळाला आणि नुसता पैसा उरला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेत आयबीएम कंपनीने सिस्टीम/३६० हे संगणक जाहीर केले. त्या यंत्रांच्या हिशेबात सोळाच्या पायाचे संख्यालेखन वापरले होते, शून्य ते नऊ आणि पुढे ए ते एफ, आणि तीच रीत जगभर रूढ झाली. कारण तेच, सिंधूकाठचे. यंत्राला फक्त दोनच अवस्था कळतात, चालू आणि बंद; दोनाचा चौथा घात म्हणजे सोळा. पुण्या-मुंबईतले आपले हजारो मुलगे-मुली आज रोज सोळाच्या पायावर काम करतात. मोडी चोपडीतल्या त्या उभ्या-आडव्या रेघांनाही २००९ साली युनिकोडमध्ये स्वतःच्या जागा मिळाल्या. पाव, अर्धा, पाऊण, आणि एक सोळांश, एक अष्टमांश, तीन सोळांश: या सहा चिन्हांचे सांकेतिक क्रमांक सोळाच्या पायावरच लिहिले जातात.

बाजारात आणे रेंगाळले ते बोलण्यात. पंचवीस पैशांना चाराणे, पन्नासला आठाणे, पंचाहत्तरला बाराणे हे माझ्या पिढीपर्यंत सर्रास चालले. ३० जून २०११ पासून पंचवीस पैशांचे नाणे चलनातून गेले आणि चाराणे संपले. आठ आण्यांचे, म्हणजे पन्नास पैशांचे नाणे कायद्याने अजून चालते, जरी कुणी घेत नसले तरी. पिकाची पैसेवारी पन्नासच्या खाली गेली की महाराष्ट्रात आजही टंचाईची चर्चा सुरू होते, आणि गावात कित्येक जण तिला अजून आणेवारीच म्हणतात.

१९५७ साली जी मुले तिसरी-चौथीत होती ती आता पंच्याहत्तरी ओलांडून गेली आहेत. सोळा आण्यांची बेरीज शाळेत शिकलेली ही शेवटची माणसे. तुमच्या घरात असे कुणी असेल तर त्यांच्याकडून अडीचकी एकदा म्हणून घ्या आणि फोनवर ती ध्वनिमुद्रित करा. माळ्यावर लाल कापडातली चोपडी असेल तर ती रद्दीत घालू नका. मोडी वाचणारे आजही पुण्यात, कोल्हापुरात, मुंबईत आहेत. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात विचारले तरी वाट सापडेल. चोपडी उघडल्यावर आधी अक्षरे वाचायचा प्रयत्न करू नका. उजवीकडच्या रेघा मोजा. उभ्या चार-चारच्या, आडव्या एकेकाच्या. तेवढे वाचायला मोडी यावी लागत नाही.